मांड्यांवरची चरबी सगळ्यात शेवटी का उतरते

रोज चालून चेहरा आणि पोट उतरलं, मांड्या मात्र जशाच्या तशा, व्यायाम चुकतोय का, असं एकीने विचारलंय. नाही हो, व्यायाम चुकत नाहीये. चरबीच्या पेशींवर, व्यायाम करताना अंगात सुटणारं संप्रेरक अ‍ॅड्रेनॅलिन ओळखणारे दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, असतात. बीटा चरबी मोकळी करतात, अल्फा-२ ती अडवून धरतात. बायकांच्या मांड्या-नितंबांवर अल्फा-२चा जोर जास्त. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याच्या काळासाठी शरीराने राखलेला तो साठा आहे, सहजासहजी सोडत नाही. नुसते मांड्यांचे व्यायाम करून तिथलीच चरबी जात नाही. स्नायू बळकट होतात, तेही हवंच.

माझं ऐकाल तर मांड्यांची चिंता सोडा, कंबर मोजत राहा. मधुमेहाचा धोका पोटाच्या आतल्या चरबीने जास्त वाढतो, आणि आपल्याकडे ती सडपातळ माणसांतही असते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. तुमचं पोट उतरलंय, म्हणजे जी आधी जायला हवी तीच चाललीय. चालणं थांबवू नका.