विषयशीर्षकाची साखळी तोडायची की जपायची?

कार्डकपाट
कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधली तालिका (पुस्तकांची सूची) लिंक्ड डेटात, म्हणजे वेबवर दुव्यांनी जोडलेल्या माहितीत, न्यायला बसलं की गाडी विषयशीर्षकांपाशी, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या ठरावीक शब्दांपाशी, अडते. लायब्ररी ऑफ काँग्रेसची शीर्षकं २००९पासून स्कॉस (संकल्पना वेबवर मांडायचा साचा) स्वरूपात खुली आहेत, प्रत्येकाला यूआरआय (वेबवरची स्वतंत्र ओळख) आहे. पण आपल्या मार्क नोंदीत विषयासाठीच्या ६५० क्षेत्रात असतं ते 'शेती – भारत – महाराष्ट्र – इतिहास'. 'शेती'चा ऑथॉरिटी रेकॉर्ड (शीर्षकाचं प्रमाण रूप ठरवणारी नोंद) मिळतो, अख्ख्या साखळीचा सहसा नाही, कारण 'इतिहास', 'आकडेवारी' ही उपशीर्षकं तालिकाकार नियमानुसार जागच्या जागी जोडतो. रेकॉर्ड नाही, म्हणून यूआरआय नाही. माझं मत: साखळी तोडा. शेती विषयात, महाराष्ट्र स्थळात, इतिहास प्रकारात. ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेची फास्ट ही विषयशीर्षकांची पद्धत हेच करते.

तालिकाकार
साफ असहमत. 'इतिहास – तत्त्वज्ञान' म्हणजे इतिहासाचं तत्त्वज्ञान आणि 'तत्त्वज्ञान – इतिहास' म्हणजे तत्त्वज्ञानाचा इतिहास. तोडलीत की दोन्ही पुस्तकं एकाच ढिगात! साध्या स्कॉसमध्ये साखळी एकाच प्रीफलेबलात (मुख्य नावात) कोंबावी लागते हे मान्य, पण त्यावर उपाय म्हणून मॅड्स-आरडीएफ हा ऑथॉरिटी नोंदींसाठीचा साचा आहे. साखळी 'कॉम्प्लेक्ससब्जेक्ट' (जोडविषय) करा, तुकडे 'कंपोनंटलिस्ट'मध्ये क्रमानं ठेवा. तुकड्यांना मूळचे यूआरआय, साखळीला तुमच्या डोमेनवरचा.

कार्डकपाट
फास्ट विषयाला विषयापासून तोडत नाही; स्थळ, काळ, प्रकार तेवढे वेगळे काढतं. 'इतिहास – तत्त्वज्ञान' तिथंही एकसंधच राहतं. उलट तुमच्या कंपोनंटलिस्टमधून 'महाराष्ट्राविषयीचं सगळं' काढून दाखवा. यादी फर्स्ट-रेस्टच्या (पहिला तुकडा आणि उरलेली यादी अशा) कड्यांची, स्पार्कल या शोधभाषेत प्रत्येक वेळी रेस्टच्या शेपटीवरून शेवटपर्यंत चालत जायचं. नोंदी लाखभर झाल्या की शोधखिडकीसमोर वाचक ताटकळतो.

तालिकाकार
मग शोधासाठी तुकड्यांचे थेट दुवे जादा लिहून ठेवा. साखळीवरून तुकडे केव्हाही काढता येतात, तुकड्यांवरून साखळी नाही.

बे_एके_बे
भांडा खुशाल, पण तुम्हा दोघांचीही जुळणी आधी स्थळावर आपटणार. ऑथॉरिटी रेकॉर्डच्या १५१ या स्थळनावाच्या क्षेत्रात 'महाराष्ट्र (भारत)' असतं, ६५०च्या झेड या स्थळाच्या उपक्षेत्रांत 'भारत', मग 'महाराष्ट्र'. अक्षराला अक्षर लावून पाहिलंत तर काहीच जुळत नाही. त्याच रेकॉर्डमधलं ७८१ क्षेत्र उघडा, तिथं उपविभागाचं रूप तयार असतं. आधी ७८१वरून तक्ता करा, ओळीनं आलेले झेड एकत्र जोडा, शेवटचा पूर्णविराम छाटा, मग शोधा.

मराठी लेबलांत आणखी एक खोडा. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' हे शीर्षक घ्या. त्यातला 'ऱ्य' तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो: अखंड ऱ, र अधिक नुक्ता (खालचा टिंब), आणि साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) केल्यानं पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. तो स्वतंत्र नियमानं बदलला नाहीत तर एकाच शीर्षकाचे दोन यूआरआय पडतील.

कार्डकपाट
७८१ डोक्यातच नव्हतं, आभार. मराठी लेबलांत 'शेती' घ्यायचं की 'कृषी'?

बे_एके_बे
स्कॉसमध्ये एका संकल्पनेला एका भाषेत एकच प्रीफलेबल. 'शेती' ठेवा, 'कृषी' ऑल्टलेबलात (पर्यायी नावात) टाका. उलटं केलंत तरी यंत्राचं काही बिघडत नाही. वाचक मात्र 'शेती'च टंकतो.

तालिकाकार
यावर तरी सहमत. साखळी मात्र तोडू नका!