मदत हवी आहे: जुनं एसव्हीएम बर्टला मागे टाकतंय, गाइड म्हणतात ती ओळ काढा

अर्धवेळ_संशोधक:

नमस्कार मंडळी. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, सोबत अर्धवेळ पीएचडी चालू आहे. नागरिकांनी महापालिकेकडे मराठीत लिहिलेल्या तक्रारी वाचून त्या आपोआप योग्य खात्याकडे पाठवायच्या, असा विषय. पाणीपुरवठा, ड्रेनेज, रस्ते, घनकचरा, पथदिवे, भटकी कुत्री वगैरे वर्ग. तक्रारी रीतसर परवानगीने मिळाल्यात, नावं आणि फोन नंबर काढून.

अडचण अशी की मल्टिलिंग्वल बर्ट, म्हणजे अनेक भाषांवर आधीच शिकवलेलं मॉडेल, माझ्या तक्रारींवर पुढे शिकवलं (फाइन-ट्यून केलं), तर ते टीएफ-आयडीएफ (मजकुराच्या तुकड्यांना आकड्यांत वजन देणं) अधिक एसव्हीएम (त्या आकड्यांवरून वर्ग ठरवणारं तंत्र) या जुन्या जोडीच्या चांगलंच मागे पडतंय. लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) बदलला, इपॉक (डेटावरच्या फेऱ्या) वाढवले, फरक नाही. मॉडेल 'अनकेस्ड' घेतलंय, कारण मराठीत कॅपिटल-स्मॉल भानगडच नसते.

गाइड सरांचं म्हणणं, एसव्हीएमची ओळ टेबलातून काढून टाका. १९९५ सालचं तंत्र २०१८ च्या बर्टला हरवतंय म्हटल्यावर रिव्ह्यूअर विचारणारच, मग तुमचं योगदान काय? बर्टची तुलना फक्त एलएसटीएम या बर्टआधीच्या न्यूरल मॉडेलशी दाखवा, तिथे बर्ट पुढे आहे. सर वाईट नाहीत, त्यांच्यावरही पेपरचा दबाव आहे. पण मला ते पटत नाहीये. आणि पेपर नेमका कुठे पाठवायचा हेही कळत नाही, यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादी तर बंदच झाली. दोन महिन्यांत आरएसीची (पीएचडीची प्रगती बघणाऱ्या समितीची) बैठक आहे. काय करू?

कडूलिंब:

ओळ काढायची की ठेवायची हा वाद नंतर. आधी एक काम करा. टोकनायझरला (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे करणाऱ्या भागाला) 'दुर्गंधी', 'खड्डे' आणि 'पूल' हे तीन शब्द द्या, जे तुकडे येतील ते हॅशच्या खुणा काढून जोडा आणि इथे टाका.

अर्धवेळ_संशोधक:

'दरगधी'. 'खडड'. 'पल'. हे काय आहे??

कडूलिंब:

तेच वाटलं होतं. 'अनकेस्ड' म्हणजे नुसतं कॅपिटलचं स्मॉल करणं नाही. त्याच पायरीत अक्षरांवरच्या खुणाही पुसल्या जातात. हेतू फ्रेंच-स्पॅनिशमधली अक्षरांवरची टिंबं-रेघा काढायचा, पण नियम लिहिलाय युनिकोडच्या वर्गवारीवर: जी खूण स्वतःची जागा घेत नाही ती काढा. आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सगळे त्याच वर्गात मोडतात. काना, दोन्ही वेलांट्या आणि काना-मात्रा जागा घेणाऱ्या खुणांत मोजतात, म्हणून त्या वाचतात. मग मूल, मेल, मैल आणि मल, चारही शब्द 'मल' होतात.

मॉडेल अगदीच कोसळत नाही, कारण ते शिकलंय तेही असंच सोललेलं मराठी. पण तुमच्या कामात ड्रेनेज आणि रस्ते वेगळे ओळखायचे तर उकार-अनुस्वार लागतातच. मूळ बर्ट प्रसिद्ध करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मल्टिलिंग्वलमध्ये अनकेस्ड वापरू नका, केस्ड घ्या. पण मराठीला केस नसते हा तर्क इतका सरळ आहे की बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत.

करायचं काय: केस्ड मॉडेल घ्या आणि टोकनायझरमध्ये लोअर केस व स्ट्रिप ॲक्सेंट्स दोन्ही बंद आहेत हे स्वतः तपासा. केस्ड मॉडेल घेऊन लोअर केस चालू राहिलं तर आणखी वाईट, कारण मॉडेल शिकलं एक आणि तुम्ही खायला घालताय दुसरंच. सोबत म्युरिल हे भारतीय भाषांचं मॉडेल आणि पुण्याच्या एल३क्यूब गटाचं मराठीसाठीचं महाबर्ट ही दोन्हीही चालवा. मराठीवर काम करून महाबर्ट न वापरलेला पेपर आला तर मी पहिला प्रश्न तोच विचारेन.

तिसरा_रिव्ह्यूअर:

कडूलिंब यांनी नेमकं धरलं. मला दुसऱ्या बाजूची शंका आहे. टीएफ-आयडीएफ कसं केलंत? सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचं डिफॉल्ट असेल तर तेही मोडकंच. त्याची शब्द तोडायची पद्धत मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही, आणि एकाक्षरी तुकडे फेकून देते. 'पाणी'चे होतात प आणि ण, दोन्ही एकेकटे, म्हणून दोन्ही जातात. पाणीपुरवठ्याच्या तक्रारीतून पाणीच गायब. 'रस्ता'तून उरतो 'रस'.

अर्धवेळ_संशोधक:

नाही, शब्दांवर केलं तेव्हा काहीतरी विचित्र निकाल आले होते, म्हणून दोन ते पाच अक्षरांचे एन-ग्राम (सलग अक्षरांचे तुकडे) घेतले. आता कळलं विचित्र का होते.

तिसरा_रिव्ह्यूअर:

मग तुमचं एसव्हीएम तक्रारीतलं एकूण एक अक्षर बघत होतं, आणि बर्ट बघत होतं उकार-मात्रा खरवडलेलं मराठी. ही तुलनाच समान पायावर नव्हती. ती ओळ टेबलात होती म्हणून हा दोष सापडला. सरांना हेच सांगा. 'मला पटत नाही' म्हणून जाऊ नका. 'सर, ही ओळ का पुढे जाते ते सापडलंय' म्हणून जा, 'दरगधी' आणि 'खडड'चं छापलेलं पान हातात घेऊन. गाइड मंडळी तत्त्वावर अडतात, निकालावर सहसा अडत नाहीत.

आणि दुरुस्तीनंतरही एसव्हीएम जवळपास राहिलं तरी ओळ राहू द्या. आखूड मजकूर, ठरावीक शब्दसंग्रह, डेटा कमी, तिथे साधी मॉडेलं टक्कर देतातच. फक्त एकाच रनचा आकडा लिहू नका. पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातींवर) चालवा, सरासरी आणि पसारा दोन्ही द्या. वर्ग असमान असतील तर अचूकतेऐवजी मॅक्रो एफ-वन, म्हणजे प्रत्येक वर्गाला सारखं वजन देणारं माप. घनकचऱ्याच्या तक्रारी ढिगाने आणि कुत्र्यांच्या मोजक्या असल्या की अचूकता उगाच छान दिसते.

खडू_आणि_फळा:

मराठीतली खास एक गंमत राहिली. 'कचऱ्या'तला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खालचं टिंब असलेला ऱ आणि हलन्त देतात, काही जुने कीबोर्ड साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. बर्टचा टोकनायझर तो अदृश्य जोडक काढून टाकतो, मग दुसऱ्या तऱ्हेचं 'कचर्या' होतं, रफार असलेलं. म्हणजे घनकचरा खात्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दोन वेगळे शब्द म्हणून मोजला जातो. आधीच एक बदल चालवून सगळे ऱ एकसारखे करून घ्या. पायऱ्या, शेजाऱ्यांचा, सगळीकडे हेच.

अर्धवेळ_संशोधक:

शोधून बघितलं, दोन्ही प्रकार भरपूर आहेत. मोबाइलवरून आलेल्या आणि नागरी सुविधा केंद्रातल्या ऑपरेटरने टाइप केलेल्या तक्रारी वेगळ्या पडतायत. आभार.

आता प्रकाशनाचं कोणी सांगेल का? कॉलेजात एक मेल फिरतोय, पैसे भरा, तीन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्रासकट.

कडूलिंब:

तो मेल कचऱ्यात, दोन्हींपैकी कोणत्याही ऱ्य ने.

यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केली. पण विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते, आणि बरीच ठेवतात. त्यामुळे पीएचडी विभागाला लेखी विचारा: माझ्या नोंदणीच्या तारखेला कोणता नियम लागू? उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको. खिडकीवरचा माणूस बदलला की नियम बदलतो.

विषयासाठी जागा बऱ्याच आहेत. एसीएमचं आशियाई आणि कमी साधनांच्या भाषांवरचं जर्नल, टॅलिप, अगदी चपखल बसतं, पण वेळ लागतो. आयकॉन ही आपल्याकडची एनएलपीची (संगणकाकडून भाषा हाताळण्याच्या विषयाची) परिषद आहे. फायर या माहिती-शोधावरच्या परिषदेतही भारतीय भाषांचं काम चालतं, २०२१ च्या द्वेषमूलक मजकुराच्या स्पर्धेत मराठी होती. आरएसीआधी निदान पाठवलेला पेपर दाखवायचा असेल तर परिषदेपासून सुरू करा.

अर्धवेळ_संशोधक:

अपडेट. सगळे ऱ एकसारखे करून केस्ड आणि महाबर्ट चालवलं. महाबर्ट आता एसव्हीएमच्या पुढे आहे, थोडंच, पण पाचही सीडवर. जुनं अनकेस्डही टेबलात ठेवलंय. सरांना पान दाखवलं. ते बराच वेळ 'दरगधी'कडे बघत राहिले, मग म्हणाले, हाच एक वेगळा विभाग करा पेपरात. एसव्हीएमची ओळ राहतेय.

एक शेवटची शंका. ट्रेन-टेस्ट विभागणी (मॉडेलला शिकवायच्या तक्रारी वेगळ्या, तपासायच्या वेगळ्या) मी यादृच्छिक केली होती. ती चालेल?

तिसरा_रिव्ह्यूअर:

नाही चालणार. एकाच सोसायटीतले वीस जण व्हॉट्सॲपवर आलेला तोच मजकूर चिकटवतात. त्यातले पंधरा ट्रेनमध्ये आणि पाच टेस्टमध्ये गेले तर मॉडेल फक्त पाठ केलेलं म्हणून दाखवतंय. आधी जवळजवळ सारख्या तक्रारींचे गट करा, मग तारखेनुसार तोडा: जुन्या ट्रेनमध्ये, शेवटच्या काही महिन्यांच्या टेस्टमध्ये. एखादा गट दोन्हीकडे पडत असेल तर त्यातल्या टेस्टमधल्या तक्रारी काढून टाका. महापालिकेतही मॉडेल उद्याच्या तक्रारी वाचणार आहे, कालच्या नाही. आकडे खाली येतील, एसव्हीएम आणि महाबर्ट यांच्यातलं अंतरही बदलेल. सरांकडे परत जाण्याआधी हे करून घ्या, म्हणजे तेच टेबल दोनदा समजावावं लागणार नाही.

अर्धवेळ_संशोधक:

बरं. शनिवारी लॅब रिकामी असते, तेव्हा लावते.