मदत हवी आहे: इराक युद्ध तेलासाठीच होतं का?

मंडळी, भाचीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, २००३चं इराक युद्ध तेलासाठी होतं का. तिला समजावायला बसले आणि मीच अडकले.

बगदाद पडलं तेव्हा राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात होतं आणि तेल मंत्रालयाला मात्र अमेरिकी सैनिकांचा पहारा! इथवर सरळ वाटतं. पण २००९च्या लिलावात रुमैला हे भलंमोठं तेलक्षेत्र गेलं ब्रिटिश बीपी आणि चीनची सरकारी सीएनपीसी या तेल कंपन्यांकडे, तेही वाढीव उत्पादनाच्या बॅरलमागे २ डॉलर मेहनतान्यावर. तेल इराकचंच. मग लढले अमेरिकन आणि घास चिन्यांच्या ताटात, हे कसं? की कंपन्यांच्या नफ्यापेक्षा आखातातल्या तेलावर वचक ठेवणं महत्त्वाचं होतं?

१९७२ला इराक सरकारने तेल परदेशी कंपन्यांकडून आपल्या ताब्यात घेतलं, त्या राष्ट्रीयीकरणापासून कोणी नीट उलगडून सांगेल का? स्पर्धा शनिवारी आहे, आणि बाईसाहेबांना बोलायचंय विरोधी बाजूने.