परदेशातील दोन मिनिटांचे मौन आणि आपल्याकडचा सातबारा

गुरुजी, दारव्हा तालुका : ब्रिटनमध्ये 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता दोन मिनिटे मौन पाळले जाते, ही प्रथा 1919 साली सुरू झाली. अमेरिकेत आर्लिंग्टन येथील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर 1937 पासून अहोरात्र पहारा आहे. आपल्याला मात्र सैनिक आठवतो तो 15 ऑगस्टला, तोही भोंग्यावरच्या गाण्यांपुरता. इतका कृतघ्न समाज दुसरा नसेल.

निवृत्त हवालदार, चिखली तालुका : गुरुजी, आपला मान राखून लिहितो, पण हा आरोप मला फार लागला. पुलवामात 2019 साली आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला होता. मौनाचेच म्हणाल तर 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. ती शाळाशाळांतून का विरत चालली, याचे उत्तर शिक्षकांनीच द्यावे. ज्या ब्रिटनचा आपण दाखला देता, तेथील युद्धसमाधी आयोगाने हुद्दा आणि धर्म न पाहता प्रत्येकाला सारखे स्मारक देण्याचे तत्त्व सांगितले खरे, परंतु पहिल्या महायुद्धात पडलेल्या हजारो आफ्रिकी आणि भारतीय सैनिकांना ती समानता मिळाली नाही, हे त्याच आयोगाने 2021 मध्ये कबूल करून माफी मागितली.

अमेरिकेचे मोठेपण मला त्या पहाऱ्यापेक्षा 1944 च्या कायद्यात दिसते, कारण त्याने युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि घराच्या कर्जाला हमी दिली. आमच्याच गावातील एका वीरपत्नीला दर ध्वजारोहणाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळत असे, पण वारसनोंदीचा तिचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि सातबाऱ्यावर नाव काही चढेना. सन्मान मोजायचा असेल तर तो तेथे मोजावा.

पोलिसाचा भाऊ, धानोरा तालुका : हवालदारसाहेब, पुलवामातील ते जवान लष्कराचे नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. अंत्ययात्रेत त्यांना सैनिक म्हणायचे आणि 2004 नंतर त्या दलात भरती झालेल्यांना लष्करासारखे जुने निवृत्तिवेतन नाकारायचे, हा कोणता न्याय? आमच्या गडचिरोलीत 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस मारले गेले. 21 ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन असतो, हे तुमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे? माझा थोरला भाऊ अभियानावर गेला की आई चुलीपाशी जागीच बसून राहते. तिला लंडनचे मौन काय सांगता?

निवृत्त हवालदार, चिखली तालुका : विषयाला फाटे फोडू नका. लष्करातला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, तेव्हा मुले शाळेत असतात. राखीव दलाची नोकरी साठीपर्यंत चालते. निवृत्तिवेतनातला फरक त्यातून आला आहे. तुमच्या भावाच्या जिवाची किंमत कमी आहे, असे मी कुठे लिहिले ते दाखवा.

पोलिसाचा भाऊ, धानोरा तालुका : लिहिले नाही, पण गृहीत धरले. सुरुंग फुटताना कोण साठीपर्यंत राहणार आणि कोण चाळिशीपर्यंत, असे पाहून फुटत नाही.

शेतकरी, मोर्शी तालुका : तुम्ही दोघे निवृत्तिवेतनावर भांडता, पण 2022 पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या पोरांना ते नाहीच. चार वर्षांनी चारांतला फार तर एक कायम होईल. उरलेल्या तिघांना गावाने माजी सैनिक म्हणायचे की नाही, हेही ठरवून टाका.

गुरुजी, दारव्हा तालुका : 30 जानेवारीचा टोला मला मान्य करावा लागतो, जरी तो साऱ्या शिक्षकांवर मारायचे कारण नव्हते. मात्र मौन फुकाचे आहे, हे मी मानणार नाही. फ्रान्समध्ये जवळजवळ प्रत्येक गावात पडलेल्यांच्या नावांचा स्तंभ आहे, आणि नाव रोज डोळ्यांसमोर असले की त्या घरचा अर्ज दाबून ठेवणे जड जाते, असे मला मनापासून वाटते.

पोलिसाचा भाऊ, धानोरा तालुका : मग तसा स्तंभ आपल्याकडे उभारताना पोलिसांची नावे त्याच दगडावर घ्या, वेगळ्या नको. एवढे मान्य असेल तर माझे गुरुजींशी भांडण नाही. हवालदारसाहेबांशी आहे आणि ते राहील.