विष्ठेतलं ब्युटिरेट कमी आलं म्हणजे जीवाणू कमी पडतात का?

आतडेशास्त्र: जीवाणू न पचलेल्या तंतूंपासून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं बनवतात. त्यांतली सुमारे ९५ टक्के मोठ्या आतड्यातच शोषली जातात. विष्ठेत येतं ते उरलंसुरलं. मळ आत जास्त वेळ रेंगाळला की शोषण वाढतं आणि उत्पादन तेवढंच असूनही आकडा घसरतो. अशा आकड्यावरून 'जीवाणू कमी पडतात' असं रुग्णाला सांगणं मला साफ चुकीचं वाटतं.

क्रोमॅटोग्राम: शोषणाचं मान्य, पण तेवढ्यावरून चाचणी मोडीत काढू नका. एकाच माणसाचे आहार बदलण्याआधीचे आणि नंतरचे, प्रत्येकी तीन दिवसांचे नमुने नीट तुलना करता येतात. घोळ होतो तो नमुना हाताळताना. डबी खोलीतच राहिली तर किण्वन (जीवाणूंचं आंबवणं) चालू राहतं आणि आम्लं वाढतात, म्हणून लगेच गोठवा, साठवण उणे ८० अंशांवर. मग २०० मिलिग्रॅम ओला नमुना पाण्यात घुसळा, २-इथाइलब्युटिरिक आम्ल अंतर्गत मानक म्हणून (घट ओळखायला ठरावीक प्रमाणात घातलेला पदार्थ) याच टप्प्यावर घाला, नंतर घातलं तर आधीची घट कळत नाही. फॉस्फोरिक आम्लाने पीएच २ वर आणा, मग आम्लं ईथर या द्रावकात उतरवा. या आम्लांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ४.८ च्या आसपास आहे. त्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय ती ईथरमध्ये नीट उतरत नाहीत. ईथर उडवून नमुना दाट करायचा मोह टाळा, आम्लंही उडतात. थेट गॅस क्रोमॅटोग्राफच्या एफएफएपी कॉलमवर (आम्लं वेगळी करणाऱ्या नळीवर) सोडा आणि अधूनमधून नमुन्याशिवाय कोरा ईथर चालवा, कारण लायनरला (नमुना शिरतो त्या काचनळीला) चिकटलेलं ॲसिटिक आम्ल पुढच्या नमुन्यात डोकं वर काढतं.

आतडेशास्त्र: पण ओल्या वजनाने भागलं तर पातळ मळात आकडा आपोआप कमी दिसणार.

क्रोमॅटोग्राम: वेगळा तुकडा सुकवून कोरडं वजन काढा. मोजणीचा तुकडा मात्र फ्रीझ-ड्राय (गोठवून निर्वातात सुकवणं) करू नका, त्यातही आम्लं उडतात.

बफर_बाटली: उत्पादनच हवं तर विष्ठा आंबवून बघा ना! ताजा नमुना ऑक्सिजन काढलेल्या फॉस्फेट बफरमध्ये १० टक्के, ३७ अंश, एका बाटलीत तंतू, दुसरीत नाही. ० आणि २४ तासांच्या आकड्यांतला फरक घ्या.

आतडेशास्त्र: बाटलीत शोषणच नाही. आम्लं साचतात, पीएच ५.५ कडे उतरला की बॅक्टेरॉइड्स हे आतड्यातले जीवाणू मागे पडतात, मग जीवाणूंचा मूळ समूह राहतोच कुठे?

बफर_बाटली: म्हणून ६ तासांचाही नमुना घ्या आणि प्रत्येक वेळी पीएच नोंदवा. तोवर पीएच फारसा उतरला नसेल, तर तोच आकडा धरा.