बेडरूमसाठी टीव्ही: ३२ इंची पुरे की ४३च घ्यावा?

निंबोणी

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. पुढचे दीड-दोन महिने त्यांचा बहुतेक वेळ आतल्या खोलीतच जाणार. हॉलमध्ये पाय खाली सोडून बसल्या की सूज चढते, म्हणून त्यांच्या खोलीत टीव्ही घ्यायचं ठरलं. बजेट पंधरा हजार, फार तर सतरा. आम्ही पुण्यात कर्वेनगरात जुन्या सोसायटीत राहतो. खोली दहा बाय अकरा, आणि उशीपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेपने मोजून साडेआठ फूट.

घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो, घ्यायचाच तर ४३ इंची फोरके, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या चित्राचा, घेऊ. माझं मत ठाम आहे की या खोलीला ३२ इंची पुरे. चार दुकानं फिरून आल्यावर तर माझी खात्रीच झाली. दुकानात आपण तीन फुटांवर उभे असतो, वर पांढरेफटक दिवे, प्रत्येक टीव्हीचा ब्राइटनेस आणि रंग टोकाला नेलेले, आणि सगळ्यांवर तोच पोपटांचा नाहीतर फळांचा व्हिडिओ. तिथे मोठा टीव्हीच चांगला दिसणार. पण आई तो आडव्या पडून, साडेआठ फुटांवरून, रात्री मंद दिव्यात बघणार आहेत. बेडरूमचा टीव्ही उशीवरून निवडायचा असतो, दुकानाच्या फरशीवरून नाही.

तुमची मतं सांगा. विरोधातली असतील तर जास्त बरं.

वाकडवाला

विरोधातलं मत घ्या मग. ३२ इंची घेऊ नका.

पूर्वी ३२ घेण्यात एक अर्थ होता. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला २८ टक्के, असा दहा टक्क्यांचा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. म्हणजे करामुळे लहान टीव्ही घ्यायचं कारण संपलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ३२ इंचीत कंपन्या जीव ओततच नाहीत. बहुतेक ठिकाणी १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं पॅनेल, एक जीबी रॅम, नावापुरते स्पीकर. वर्षभरात मेनू उघडायला पाच-सहा सेकंद लागायला लागतात. ४३ मध्ये तेच बरं सॉफ्टवेअर, दीड-दोन जीबी रॅम मिळते. सासूबाई हिंडाफिरायला लागल्या की तो हॉलमध्येही नेता येईल. पाच-सात हजार आत्ता वाचवून नंतर रोज चिडचिड करण्यात काय अर्थ आहे?

निंबोणी

रॅमचा मुद्दा मान्य. पण फोरकेसाठी जे जास्तीचे पैसे जातात, त्यांचं साडेआठ फुटांवर काय होतं ते बघा. ३२ इंची पडदा रुंदीला साधारण ७१ सेंटिमीटर. त्यात १३६६ ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्धा मिलिमीटर. चांगल्या नजरेच्या माणसालाही साडेआठ फुटांवरून पाऊण मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. मग त्या ४३ इंचीतला पाव मिलिमीटरचा ठिपका आईंना काय दिसणार आहे?

आणि त्या बघतात काय, तर केबलवरच्या मराठी मालिका, कीर्तन आणि बातम्या. त्यातले निम्मे चॅनेल साधे एसडी, म्हणजे फक्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. ते चित्र फोरके पडद्यावर ताणलं की चेहरे मेणासारखे दिसतात. शेजारच्यांकडे रोज बघते आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, वीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात. इंचांच्या आधी एक विचारते: झोपायच्या खोलीत टीव्ही हवाच का?

रात्री दोन वाजता पेशंटच्या तोंडावर टीव्हीचा निळा उजेड पडलेला असतो, आवाज बंद, डोळे मिटलेले, आणि सकाळी तक्रार की झोप लागली नाही. बंद करायला गेलं की म्हणतात, ‘राहू दे, सोबत आहे.’ ऑपरेशननंतर जखम भरायला गाढ झोप गरजेची असते. त्यात घरात लहान मूल असेल तर आणखी अवघड. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला होता की मुलांच्या झोपायच्या खोलीत टीव्ही, फोन ठेवू नयेत आणि झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा.

दोन महिन्यांच्या गरजेसाठी आणलेली वस्तू दोन महिन्यांनी भिंतीवरून उतरत नाही. हॉलमध्ये पाय वर घेऊन बसता येईल अशी आरामखुर्ची बघा ना.

निंबोणी

ताई, तुमचं बोलणं लागलं, कारण माझा सहा वर्षांचा मुलगा आजीजवळच झोपतो. आता त्याची गादी आमच्या खोलीत हलवतोय. रात्री साडेनऊचा स्लीप टायमर लावायचं आईंनीही कबूल केलंय.

पण टीव्ही नको, हे मला पटत नाही. मी आणि नवरा सकाळी नऊला बाहेर पडतो, मुलगा शाळेत. दुपारी दोनपर्यंत आई कामाच्या बाईंच्या भरवशावर एकट्या असतात. बाई स्वयंपाकघरात. परवा मी अचानक लवकर घरी आले तर आई छताच्या पंख्याकडे बघत पडल्या होत्या. मी विचारलं, झोप नाही आली? तर म्हणाल्या, ‘पाती मोजत होते, तीनच आहेत.’ मला ते वाक्य अजून सोसत नाही. त्यांना माणसांचे आवाज हवेत.

टेस्टर

मी टीव्ही दुरुस्त करतो. स्पेअर आणायला आठवड्यातून दोनदा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणं होतं, त्यामुळे स्वस्त टीव्ही आतून कसे असतात ते रोज बघतो. तुम्ही दोघं इंच आणि ठिपके धरून बसलाय. माझ्याकडे येणारे टीव्ही या कारणांनी येत नाहीत.

सगळ्यात जास्त येतात ते बॅकलाइट गेलेले. आवाज येतो, चित्र नाही. अंधारात पडद्यावर बॅटरी तिरकी मारा, आतलं चित्र पुसटसं हलताना दिसेल. पॅनेलमागे एलईडीच्या पट्ट्या असतात, बहुतेक एकामागोमाग एक जोडलेल्या. त्यातला एक दिवा जळून जोड तुटला की अख्खी ओळ अंधारात. दिवे मरतात ते उष्णतेने, आणि उष्णता वाढते कारण लोक बॅकलाइट शंभरावर ठेवतात. बेडरूममध्ये तो पन्नासच्या आसपास पुरतो. डोळ्यालाही बरा आणि पट्टीही टिकते. पट्टी बदलता येते. पॅनेलला तडा गेला तर मात्र नवं पॅनेल टीव्हीच्याच भावात पडतं, म्हणून तो दुरुस्त करा असं मी कुणाला सांगत नाही.

घेताना एवढं बघा. टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर ॲपवर तो दुकानातच तपासता येतो. क्रमांक नसेल तर टीव्ही कितीही स्वस्त असो, उचलू नका. ‘ए प्लस पॅनेल’ असं स्टिकर दिसलं तर त्यावर जाऊ नका, तो दर्जा कुणी तपासून दिलेला नसतो. पॅनेलचा प्रकार विचारा. व्हीए असेल तर अंधाऱ्या खोलीत काळा रंग चांगला दिसतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकटतं. आयपीएस असेल तर कुशीवर पडून तिरकं बघितलं तरी रंग टिकतात, काळा मात्र थोडा राखाडी. तुमच्या सासूबाई समोर बघणार की तिरक्या, त्यावर हे ठरवा.

आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का, की फक्त फोन नंबर आहे, हे आधी विचारा.

विमाननगर

मी आणखी वेगळं सांगतो. स्मार्ट टीव्ही घेऊच नका. बरं पॅनेल असलेला साधा टीव्ही घ्या आणि त्याच्या एचडीएमआयच्या खाचेत इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावा. स्टिक जुनी झाली की तेवढीच बदलायची, टीव्ही तसाच. स्वस्त ‘स्मार्ट’ टीव्हींपैकी काहींत तर मोबाइलचंच अँड्रॉइड कोंबलेलं असतं. त्यांना ओटीटीवाल्यांची मान्यता नसते, त्यामुळे चित्र एचडीत येतच नाही, ४८० ओळींच्या साध्या चित्रावर अडकतं.

वाकडवाला

७४-७५ वर्षांच्या बाईंच्या हातात तीन रिमोट देणार का? टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, वर स्टिकचा?

विमाननगर

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय चालू केली की टीव्हीच्याच रिमोटने स्टिक चालते. केबलचा रिमोट तर स्मार्ट टीव्ही घेतला तरी लागणारच आहे.

पाषाणआजोबा

मी स्वतः ७१ वर्षांचा आहे, म्हणून बोलतो. निंबोणीताई, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते तरुण डोळ्याचं आहे. ठिपका दिसत नाही, म्हणून लहान पडदा पुरतो, असं होत नाही. आम्हाला ठिपका बघायचाच नसतो, अक्षर वाचायचं असतं.

बातम्यांच्या खाली जी पट्टी धावते ती बघा. पावसाचा इशारा, खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, उद्या कुठल्या भागात पाणी बंद, हे सगळं तिथेच येतं. ३२ इंची पडद्यावर ते अक्षर जेमतेम दोन सेंटिमीटर उंच, आणि पळतं. आडवं पडल्यावर चष्म्याची काडी कानामागे रुतते म्हणून चष्मा काढून ठेवतो आम्ही. हे दुकानात कुणी विचारत नाही आणि घरातल्यांनाही सुचत नाही. मग शब्द सुटतो, आणि कुणाला विचारायचा संकोच वाटतो. मोठा टीव्ही हा म्हाताऱ्या माणसाचा शौक नाही हो.

वाकडवाला

आजोबांनी जे सांगितलं ते मला सांगता आलं नाही. ४३ घ्या.

निंबोणी

आजोबा, काल तुमचं वाचलं आणि गप्प बसले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज करून बघितलं.

जुने पेपर एकमेकांना चिकटवून दोन चौकोन कापले. एक ७१ बाय ४० सेंटिमीटरचा, दुसरा ९५ बाय ५३ चा. दोन्हींच्या खालच्या कडेला मार्करने शेजारच्या टीव्हीवर मोजलेल्या प्रमाणात एकेक ओळ लिहिली. आईंच्या ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी घेतली आणि भिंतीवर लावले. आई उशीवर, चष्मा न लावता.

लहान कागद: ‘काहीतरी लिहिलंय गं, ‘पाणी’ दिसतंय.’ मोठा कागद: अख्खी ओळ घडाघडा वाचली.

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मोठ्या कागदाची उजवी कड कपाटाच्या दारावर चार बोटं येत होती. दार उघडलं की कागद फाटला. कपाट भिंतीतलं आहे, हलत नाही, आणि डावीकडे खिडकी.

मग मुलाला लहान कागद हातात धरून पलंगाकडे चालत यायला सांगितलं. साधारण साडेसहा फुटांवर आल्यावर आईंनी ती ओळही पूर्ण वाचली. हिशोबही जुळतो: सहा फुटांवरचा ३२ इंची डोळ्याला आठ फुटांवरच्या ४३ इतकाच मोठा दिसतो. म्हणून आता भिंतीतून पुढे ओढता येणारा हाताचा स्टँड लावावा असं वाटतंय. दिवसा पुढे ओढायचा, रात्री मागे भिंतीला. आजोबा, अक्षराचा मुद्दा तुमचा बरोबर, माझा चुकीचा होता. ४३ मात्र तरीही नाही.

वाकडवाला

दोन फूट पुढे आलेल्या हातावर टीव्ही? आमच्या सोसायटीत असा एक खाली आला. नशीब, पलंगावर कुणी नव्हतं. मी हे अजिबात करणार नाही.

टेस्टर

भिंत कसली यावर सगळं आहे. वाकड-हिंजवडीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्याला आपण सिपोरेक्स म्हणतो. त्यात साधा प्लग ठोकला की भुगा होतो आणि हात पुढे ओढला की वरचे स्क्रू सुटतात. तिथे वाकडवाले म्हणतात ते शंभर टक्के खरं. कर्वेनगरातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये पक्क्या विटांची भिंत असते. ड्रिल मारताना लाल भुकटी आली तर वीट, पांढरट-राखाडी हलकी पावडर आली तर ब्लॉक. वीट असेल तर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुलून घट्ट बसणारा बोल्ट, वापरा, आणि भोक विटेत पाडा, सांध्यात नाही. ३२ इंची टीव्ही चार-पाच किलोचा असतो, पण हात ओढला की वरच्या स्क्रूवर त्याच्या कित्येक पट ओढ येते. स्टँडवर लिहिलेलं वजन हात पूर्ण बाहेर काढलेल्या स्थितीतलं आहे का, ते विचारून घ्या. टीव्हीच्या पाठीवरची भोकं १०० बाय १०० आहेत की २०० बाय १००, ते मोजूनच स्टँड आणा.

रात्रपाळी

आणि तो हात पलंगाच्या पायथ्यावर येऊ देऊ नका. वॉकर घेऊन उठताना माणूस जे हाताला येईल ते धरतो.

निंबोणी

हे फार महत्त्वाचं सांगितलंत ताई. स्टँड खिडकीच्या बाजूला सरकवते, आई उजवीकडून उतरतात. म्हणजे बघणं थोडं तिरकं होईल, तर टेस्टरदादांनी सांगितलेलं आयपीएस पॅनेलच शोधते.

आज भिंतीत छोटं भोक पाडून बघितलं. लाल भुकटी आली. शनिवारी मिस्त्री येतोय. आईंनी कागद अजून भिंतीवरून काढू दिलेला नाही. मान न उचलता दिसेल त्या उंचीला नातवाला स्टुलावर उभं करून त्यांनी पेन्सिलीची खूण करून घेतली आहे. माझ्या खुणेपेक्षा ती पाच इंच वर आहे.