'क्रांतिक वारंवारता' म्हणजेच कमाल वारंवारता का?

प्रश्न: आयनांबराच्या (वातावरणातल्या उंचावरच्या, रेडिओलहरी परतवणाऱ्या विद्युतभारित थरांच्या) नोंदीत क्रांतिक वारंवारता ७ मेगाहर्ट्झ लिहिली होती आणि खालीच '१४ मेगाहर्ट्झवर दूरचा संपर्क शक्य'. क्रांतिकच्या वर लहर आरपार निघून जाते ना?

– जाते, पण सरळ वर सोडली तर. आयनोसोंड (आयनांबर तपासणारं यंत्र) तेच करतं: वारंवारता चढवत डोक्यावर स्पंद सोडायचे आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजायचा. ज्या आकड्यानंतर एफ२ या सर्वांत वरच्या थराकडून काहीच परत येत नाही, ती त्या थराची क्रांतिक वारंवारता. आयनोग्रामवर (या मोजणीच्या आलेखावर) तिथे रेघ एकदम वर उसळते, नजरेनेही सापडते. तिरकी लहर मात्र याहून वरच्या वारंवारतेलाही वळून खाली येते. थरापाशी उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर ढोबळमानाने दुप्पट, म्हणून तुमचे १४. त्याला म्हणायचं 'कमाल वापरयोग्य वारंवारता', आणि ती अंतराप्रमाणे बदलते. दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, तिथेच घोळ होतो.

– पुरवणी: 'कमाल' आहे म्हणून तिथेच जाऊन बसू नये. थर तासातासाला बदलतो. रिवाज सुमारे ८५ टक्क्यांवर काम करण्याचा. फार खाली उतरलात तर दिवसा सर्वांत खालचा डी थर लहर शोषून घेतो. रात्री तो जवळपास विरतो, म्हणून तेव्हा खालचे पट्टे जागे होतात.

– लहर 'वळते' लिहिलंत ते बरं केलंत. सगळीकडे 'परावर्तन' छापतात, पण थरात शिरलेली लहर हळूहळू वाकत जाते, म्हणजे खरं तर अपवर्तन. आयनोसोंडची उंचीही म्हणूनच 'आभासी': आत स्पंद मंदावतो, हिशेब मात्र प्रकाशाच्या वेगाने करतात, त्यामुळे उंची खऱ्यापेक्षा जास्त येते.

– जाता जाता: 'अयनांबर' नव्हे, 'आयनांबर'. आयन + अंबर. अयन ते उत्तरायणातलं.

प्रश्नकर्ता: मग १४ वर दीड हजार किलोमीटरवरचा ऐकू येतो आणि ३०० वरचा नाही, तो दोष अँटेनाचा नव्हे?

– बहुधा नव्हे. थर ३०० किलोमीटर उंच धरला तर ६० अंशांचा टप्पा हजारेक किलोमीटरवर पडतो. त्याहून जवळ यायचं तर लहर जास्त उभी सोडावी लागते आणि ती १४ वर आरपार जाते. भूलहर (जमिनीलगत जाणारी लहर) तर कधीच संपलेली असते. हा मधला मुका पट्टा. ३०० किलोमीटरवाल्याला गाठायचं असेल तर ७ च्या जरा खाली या.